लॅव्हेलच्या पबमधला न ओढणारा माणूस

फिन्टन गिलहूलीच्या कोटाच्या कॉलरला एक छोटा बिल्ला असायचा, लाल बदामाचा. बाराव्या वर्षी बिशपसमोर उभं राहून त्यानं दारूला कधी शिवणार नाही अशी शपथ घेतली होती, तिची ती खूण. तशी ती शपथ आमच्या क्लूनमोर गावच्या शाळेतल्या सगळ्याच पोरांनी घेतली होती. बहुतेकांची मिसरूड फुटेपर्यंतही टिकली नाही. फिन्टनची टिकली, आणि या गड्यानं उभा जन्म काढला तो लॅव्हेलच्या पबमध्ये, काउंटरमागे, दुसऱ्यांचे ग्लास भरत. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. पबमालक असाच माणूस शोधत असतो. "माझा बोका दुधाला तोंड लावत नाही," असं मालक बार्टली लॅव्हेल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि फिन्टन मान खाली घालून ग्लास पुसत राहायचा.

सिगरेटचंही तेच. शाळेच्या भिंतीमागे एकदा ओढून पाहिली, दोन दिवस ओकला, आणि तो विषय तिथेच संपला. पण सिगरेट ओढत नाही हे तोंडानं कुणाला सांगणं त्याच्या जिवावर यायचं. फार भिडस्त माणूस. गावात कुणी गेलं की मयताच्या घरी चहा-सँडविचबरोबर सिगरेटनं भरलेली एक बशी फिरवायची, ही आमची जुनी रीत. बशी पुढे आली की एक उचलायची. नको म्हणणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. फिन्टन प्रत्येक मयताला एक उचलायचा, खिशात ठेवायचा आणि विसरून जायचा. त्याची बायको अट्रॅक्टा कोटाला ब्रश मारताना ती चुरलेली सिगरेट काढून चुलीत टाकायची. "आज कोणाची?" एवढंच विचारायची.

फिन्टनला कसं चाललंय विचारा, उत्तर ठरलेलं. मस्त. पाय सुजले, मस्त. छपरातून पाणी गळतंय, मस्त. मुलगी नोरीन कायमची बोस्टनला निघाली, तिला विमानतळावर सोडून आला, डोळे लाल, तरी मस्तच. अट्रॅक्टाला या शब्दाचा मनस्वी राग होता. ती तोंडाची फटकळ, खालच्या आळीतल्या रुएनांची पोर. मनात एक आणि जिभेवर दुसरं हे तिला जमायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं नियम केला होता, की पबातून आल्यावर मागच्या दारात कपडे उतरवायचे, मगच घरात यायचं. त्याच्या शर्टांना तंबाखूचा असा वास असायचा की ते एकटेच वेगळे भिजवावे लागत. ईस्टरच्या आधी लॅव्हेलच्या खिडक्यांचे जाळीचे पडदेही तीच धुवायची. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. तीनतीनदा पाणी बदललं तरी चहाच.

"पडदे मी धुवीन," ती एकदा म्हणाली. "तुझं आतलं कोण धुणार?"

"काय गं तू. धूरच तो. वर जातो निघून."

"वर कुठे जातो? तुमच्या छताला भोक आहे का?"

तो हसला. छत पूर्वी पांढरं होतं असं गावातले म्हातारे सांगत. आता ते गुळाच्या रंगाचं होतं. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, जाळापाशी बसलेले दहा आणि काउंटरला टेकलेले दहा असे वीस जण संध्याकाळी एकदम ओढायला लागले, की फिन्टन काउंटरच्या एका टोकाला उभा राहिला तर दुसऱ्या टोकाचा माणूस त्याला आवाजावरून ओळखावा लागे. त्यात सगळ्यात जवळ मॅटी डर्कन. हा डोंगरावरचा मेंढरंवाला, बिनलग्नाचा, त्याचं स्टूल ठरलेलं आणि पाइपही ठरलेला. बोलता बोलता तो धूर सरळ फिन्टनच्या तोंडावर सोडायचा, पण त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. दोघं शाळेतले मित्र. मॅटीला आठवड्यात दुसरं कुणी बोलायला भेटायचं नाही, हे फिन्टनला ठाऊक होतं.

दोन हजार तीनचा उन्हाळा होता. सरकारनं जाहीर केलं, की नव्या वर्षापासून कामाच्या कुठल्याही जागी सिगरेट ओढायची नाही. ऑफिसात नाही, हॉटेलात नाही, पबमध्येही नाही. जगात असं कुणी केलं नव्हतं म्हणे, सबंध देशातले पब एका दिवसात. लॅव्हेलकडे त्या आठवड्यात नुसता कल्ला.

"चर्चमधली धूपदाणी पण बाहेर नेणार का रे? फादरला दंड करा मग!"

"बारा महिने पाऊस, आणि म्हणे बाहेर जाऊन ओढा," मॅटी पाइप दातात धरून म्हणाला. "मेल्यावर पुरणार आहेतच की बाहेर. एवढी घाई कशाला?"

"हे सगळं कामगारांसाठी म्हणे," बार्टली काउंटरवर थाप मारत म्हणाला. "कामगारांच्या तब्येतीसाठी! अरे, माझा कामगार हा काय उभाय. विचारा त्याला. काय रे फिन्टन, धुरानं मेलास का तू?"

सगळे हसले. फिन्टनही हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. पाठ फिरवून, बाटल्या नीट लावतोय असं दाखवत त्यानं ती जिरवली. वसंतापासून हा खोकला त्याच्या मागे लागला होता. आवाज बसला होता, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं. अट्रॅक्टा डॉक्टरकडे चल म्हणून रोज डोकं खात होती, आणि तो रोज मस्त म्हणत होता.

सप्टेंबरात कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मोठ्या गावी एका हॉटेलात पबमालकांची सभा भरली. बार्टलीनं फिन्टनला दोन शब्द बोलायला सांगितलं. सिगरेट न ओढणारा, दारू न पिणारा, तीस वर्षं पबच्या धुरात उभा असलेला आणि धडधाकट असा माणूस मालकांना दुसरा कुठे मिळणार होता!

"जाऊ नकोस," अट्रॅक्टा म्हणाली.

"मालकानं सांगितलंय."

"मग जा. पण खरं बोल. रात्रभर बसून खोकतोस ते सांग."

"असं कसं सांगायचं, अगं? त्यांच्याच सभेत जाऊन?"

ती हट्टानं बरोबर गेली आणि मागच्या रांगेत बसली. हॉल धुरानं भरला होता. प्रत्येकानं मुद्दाम पेटवली होती. फिन्टन लग्नातला तपकिरी सूट घालून व्यासपीठावर उभा राहिला. बिल्ला पुसून चकचकीत केला होता. कागद नव्हता, त्याला लागलाही नाही. "मी लॅव्हेलकडे तीस वर्षं आहे. मी ओढत नाही. लोक माझ्यासमोर ओढतात. ती सगळी चांगली माणसं आहेत. मला कधी काही झालं नाही. माझं मस्त चाललंय." एवढंच बोलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी घातली. बार्टली सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिला होता.

टाळ्या चालू असतानाच फिन्टन बाजूच्या दारानं बाहेर पडला. अट्रॅक्टा मागोमाग गेली. गाड्या उभ्या होत्या तिथे एका व्हॅनच्या मागे तो वाकून, चाकाला धरून खोकत होता, आणि तोंडाला लावलेला रुमाल लाल झाला होता. तिला पाहिल्यावर त्यानं आधी रुमाल खिशात घातला.

"मस्त आहे गं," तो म्हणाला.

तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला सरळ उभं केलं. इतकी संतापली होती की तिला रडूही येईना. "कुणाच्या जिभेनं बोललास तू आत? हं? कुणाच्या?"

"मालकानं विचारलं. नाही कसं म्हणायचं?"

हाच आमच्याकडचा रोग. डोळ्यांदेखत घर जळत असलं तरी आग लावणाऱ्याला आम्ही आधी चहा विचारू.  पुढच्या आठवड्यात कौंटीच्या वर्तमानपत्रात फिन्टनचा फोटो आला, बिल्ल्यासकट. बार्टलीनं तो चौकटीत घालून काउंटरमागे, बाटल्यांच्या वर टांगला.

नोव्हेंबरात ती त्याला जवळजवळ ओढतच गॉलवे शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती. छातीचा एक्स-रे बघून झाल्यावर तिनं विचारलं, "दिवसाला किती ओढता?"

"एकही नाही."

"सोडून किती वर्षं झाली?"

"कधी धरलीच नाही."

तिनं वर पाहिलं. असं सांगणारे रोज दहा येत असतील तिच्याकडे. मग तिची नजर अट्रॅक्टाकडे गेली, आणि अट्रॅक्टा म्हणाली, "तो पबमध्ये कामाला आहे." डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. उजव्या फुफ्फुसात गाठ होती, ती पसरली होती, आणि कापून काढण्याजोगी राहिली नव्हती. धुरानंच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, ती म्हणाली, एका माणसाच्या बाबतीत तसं कुणालाच सांगता येत नाही. पण एक गोष्ट ती नक्की सांगू शकत होती. "आता त्या धुरात एक दिवसही उभं राहू नका. उपचारांनी थोडा अवधी मिळेल, तो त्यात घालवू नका."

"किती अवधी?" अट्रॅक्टानं विचारलं.

"उन्हाळा दिसेल. कदाचित शरद ऋतूही."

 परत येताना फिन्टन म्हणाला, "गावात कुणाला सांगू नकोस."

"का?"

"माझ्यासमोर ओढताना लोकांना ओशाळं वाटेल गं. मॅटीला तर फारच वाटेल. तो यायचाच बंद होईल, आणि मग डोंगरावर एकटा काय करील?"

अट्रॅक्टानं कपाळावर हात मारून घेतला. पण त्यानं तिच्याकडून वचन घेतलंच. तिला वाटत होतं, असू दे, आता जातोय कशाला तो पबमध्ये. पण नाताळ तोंडावर आला, परदेशातली पोरं घरी यायला लागली, पब फुटेस्तोवर भरायला लागला आणि बार्टलीकडे माणूस नव्हता. "तेवढा नाताळ काढतो," फिन्टन म्हणाला. "नव्या वर्षात कायदा येतोच आहे. मग हवाच हवा."

त्या कायद्यावर अट्रॅक्टाचा जीव टांगलेला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ती दिवस ढकलत होती. तिचा तो नवस होता म्हणा ना. जानेवारी आली की तिचा नवरा स्वच्छ हवेत उभा राहील, मालकाचा मान राखील आणि मॅटीलाही वाईट वाटणार नाही. कुणाला काही सांगावंच लागणार नाही. सरकारच सांगेल.

आणि कायदा पुढे ढकलला गेला. रेडिओवरचा माणूस कसल्याशा कागदपत्रांच्या अडचणी सांगत होता. मार्चअखेर, म्हणाला. अट्रॅक्टानं रेडिओ बंद केला आणि ती तशीच खुर्चीत बसून राहिली, बटाटे करपल्याचा वास येईपर्यंत.

नाताळाच्या आठवड्यात एका दुपारी ती लॅव्हेलकडे गेली. दार उघडल्याबरोबर तिचे डोळे चुरचुरले. आत गाणी चालली होती, हसणं चाललं होतं, आणि त्या सगळ्याच्या मागे फिन्टन ग्लास भरत होता. प्रत्येक ग्लासानंतर तो काउंटरला हात टेकून थांबत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. बार्टली पुढे आला, बोटांत सिगरेट. "बाईसाहेब आज आमच्याकडे! या, या, शेरी घ्या."

"त्याला घरी पाठवा, बार्टली."

"मी सांगितलं की त्याला. छातीत जरा बसलंय म्हणाला. नाताळ झाला की दे म्हटलं आठ दिवस ताणून." त्यानं झुरका घेतला आणि सौजन्यानं तोंड बाजूला करून धूर सोडला. तो धूर काउंटरच्या दिशेनं गेला.

तिच्या जिभेवर आलं होतं. सगळं ओकून टाकावं आणि या माणसाच्या हातातली सिगरेट त्याच्याच शेरीत बुडवावी. पण तिकडून फिन्टन बघत होता. त्यानं मान हलवली, इतकी हळू की तिच्याशिवाय कुणाला कळली नसती. वचन दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं. ती शेरी न घेता घरी आली.

फेब्रुवारीत तो जिना चढू शकेना तेव्हा त्यानं काम थांबवलं. पण मार्चचा तो शेवटचा सोमवार उजाडला आणि फिन्टन दाढी करून, बिल्ला लावून तयार. "आज नाही जायचं तर कधी जायचं?" अट्रॅक्टा त्याला धरून घेऊन गेली आणि तो काउंटरमागे उभा राहिल्यावर स्वतः चहा घेऊन कोपऱ्यात बसली.

दुपारच्या उजेडात लॅव्हेलचा पब तिनं प्रथमच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग पाहिला. आणि वास! धूर गेल्यावर मागे उरलं ते सगळं उघडं पडलं. गालिच्यात वर्षानुवर्षं मुरलेली बिअर, संडास, ओले लोकरी कोट.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं, "इतकी वर्षं आपण मॅटीच्या मेंढरांबरोबर बसत होतो की काय!"

"मेंढरं बरी," मॅटी म्हणाला. "ती तरी कायदे करत नाहीत." आणि सवयीनं त्याचा हात खिशात गेला. पाइप बाहेर आला, काडी ओढली गेली.

सगळा पब फिन्टनकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले. तीस वर्षांत या माणसानं कुणाला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. त्यानं ग्लास खाली ठेवला, घसा साफ केला. "दाराबाहेर, मॅटी. कायदा आहे बाबा. माझ्या हातात काय?"

मॅटीनं काडी विझवली. थोडं पुटपुटला, कोट चढवला आणि बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. पाइप संपल्यावर आत येऊन आपल्या स्टुलावर बसला आणि बोलणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. बस्स. आभाळ कोसळलं नाही. अट्रॅक्टा कोपऱ्यातून बघत होती. भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून त्याच्या वतीनं ते म्हणून ठेवणारा कायदा, असा तिला तो त्या दिवशी समजला.

त्यानंतर फिन्टन आठवड्यातून दोनदा, दुपारी तासभर जायचा. एप्रिल, मे, जूनचे थोडे दिवस. बसायला बार्टलीनं स्टूल दिलं होतं. तो म्हणायचा, धंदा बसला, पण नवीन पडदे त्यानं लावून घेतले होते. एकदा घरी आल्यावर मागच्या दारात शर्ट उतरवून देताना फिन्टन म्हणाला, "वास घेऊन बघ."

तिनं घेतला. साबणाचा वास होता, आणि त्याचा स्वतःचा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण पबातून आलेल्या नवऱ्याच्या अंगाचा वास नुसता त्याचा असा तिला कधी मिळालाच नव्हता. ती शर्टात तोंड खुपसून उभी राहिली.

"चांगला कायदा आहे गं," तो म्हणाला. मग थांबून श्वास घेऊन, "थोडा उशीर झाला." जन्मात एवढी एकच तक्रार त्यानं केली.

ऑक्टोबरात तो गेला. शेवटच्या सकाळी नर्सनं कसं वाटतंय विचारलं तर ओठ हलले, आवाज निघाला नाही. अट्रॅक्टाला कळलं काय म्हणाला ते.

शवपेटीत ठेवताना घालायला तोच तपकिरी सूट काढला. ब्रश मारताना खिसा चाचपला तर आत चुरलेली सिगरेट. कुठल्या मयताची, तिला आठवेना. आज कोणाची, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि मग तिथेच जमिनीवर बसून पोटभर रडली. तिची चुलत बहीण डेलिया धावत आली. डेलिया रुएन म्हणजे मयताच्या घरचं सगळं बघणारी बाई. तिनं रितीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, आत्मा बाहेर जावा म्हणून खिडकी उघडून पुन्हा लावली. हॅमचे सँडविच झाले, चहाची किटली चढली. मग तिनं पिशवीतून सिगरेटची दोन पाकिटं काढली आणि बशी मागितली.

"नको," अट्रॅक्टा म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील? फिन्टनच्या मयताला बशी नाही? इतक्या लोकांच्या मयताला गेला तो."

"त्यानंच मेला तो, डेलिया." वचन गेलेल्या माणसाबरोबर संपलं होतं. तिनं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. छातीत काय होतं, डॉक्टरीणबाई काय म्हणाली, लपवलं कुणासाठी.

डेलिया तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. पण रीत ती रीत. जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "तरी पण बशी ठेवू या गं. रिकामं बरं नाही दिसत." अट्रॅक्टात भांडायचं त्राण नव्हतं. बशी पेटीशेजारच्या टेबलावर, मेणबत्त्यांजवळ आली. आणि डेलियाच्या कानात गेलेलं दुपारपर्यंत गावभर झालं.

चार वाजल्यापासून माणसं यायला लागली. रांगेनं आत यायचे, पेटीपाशी छातीवर क्रूसाची खूण करायचे, अट्रॅक्टाचा हात हातात घ्यायचे. "फार वाईट झालं, अट्रॅक्टा." पुरुषांची नजर तिच्या नजरेला मिळत नव्हती. बशी पुढे आली की प्रत्येक जण एक उचलत होता, कारण उचलायचीच असते, आणि मुठीत झाकून घेत होता. आत कुणी पेटवत नव्हतं. मॅटी डर्कन आला तेव्हा त्यानं टोपी हातात चुरगळली होती. तो पेटीपाशी जाऊन उभा राहिला. "मला सांगायचं तरी रे," तो फिन्टनला म्हणाला. "शिव्या घालायच्यास." मग बशीतली एक घेऊन तो मागच्या दारानं अंगणात गेला. त्याच्यामागे आणखी एक गेला, मग आणखी दोघं.

बार्टली लॅव्हेल काळोख पडायच्या सुमारास आला. तो पेटीच्या उशाशी खुर्चीवर बसला आणि खरंच रडला, हमसून हमसून. ते नाटक नव्हतं. अट्रॅक्टा खोटं सांगणार नाही. "असा माणूस मला पुन्हा मिळणार नाही," तो म्हणत होता. डेलियानं सवयीनं बशी पुढे केली. त्यानं एक घेतली. डोळे पुसत, कुठे बसलोय याचं भान नसल्यासारखा तो पुढे वाकला, फिन्टनच्या उशाशी जळणाऱ्या मेणबत्तीवर ती पेटवली, आणि धूर सोडला. तो पेटीवर तरंगत राहिला.

 कुणाचा तरी कप बशीवर वाजला.

"दाराबाहेर, बार्टली," अट्रॅक्टा म्हणाली.

त्यानं गोंधळून वर पाहिलं. मग हातातल्या सिगरेटकडे. "घर आहे गं हे. घरात कायदा लागू नाही."

"ठाऊक आहे मला." तिचा आवाज शांत होता. "कायदा नाही म्हणून तर माझ्या तोंडानं सांगावं लागतंय. त्या हॉटेलात तो तुमच्यासाठी उभा राहिला, बार्टली. रक्त ओकत होता, तरी उभा राहिला. आज तुम्ही त्याच्यासाठी उठा."

बार्टलीचा चेहरा राखेसारखा झाला.  खुर्चीच्या हाताला धरून तो उठला, पेटत्या सिगरेटखाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरून, राख सांडू नये अशी, खोली ओलांडून गेला. मागचं दार उघडलं आणि त्यानं ते आपल्यामागे नीट ओढून घेतलं.

बायका पुन्हा हळूहळू बोलायला लागल्या. कुणीतरी जपमाळ सुरू करू या म्हणालं. अट्रॅक्टा भांडी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीपाशी थांबली. बाहेर पाऊस पडत होता. अंगणाच्या भिंतीला लागून लॅव्हेलच्या पबमधले सगळे पुरुष ओळीनं उभे होते, कॉलर वर केलेले, भिजत. मॅटी होता, सगळ्यात शेवटी बार्टली होता. ते ओढत होते आणि तोंडं रस्त्याकडे वळवून धूर सोडत होते, घराकडे येऊ नये म्हणून. एकाचा धूर वाऱ्यानं खिडकीकडे वळला तर त्यानं तो हातानं हाकलला. ओढून झालं की थोटूक बुटाखाली चिरडून, पाय पुसून, ते एकेक करून आत येणार होते.

अट्रॅक्टा त्यांच्याकडे बघत राहिली. एवढंच तर करायचं होतं, तिला वाटलं. दार उघडून बाहेर जायचं आणि परत यायचं. इतकी वर्षं, फक्त एवढंच.